लाल ठिपक्यांआडची बहीण

मी एक जुनी दातेरी चकती आहे. पोलादाची, तुमच्या भातुकलीतल्या वाटीएवढी. पण मित्रांनो, आकारावर जाऊ नका. मला सदतीस दात आहेत आणि सगळे शाबूत आहेत. तुमच्या घरच्या मोठ्यांना एकदा तोंड उघडायला सांगा, मग माझ्याशी बोला.

रिमोटवर पळणाऱ्या एका गाडीत मी राहत होते. मोटरची ताकद डाव्या-उजव्या चाकांना वाटून देणारी एक डबी असते, तिला डिफरन्शियल म्हणतात. आमच्या गाडीत अशा दोन डब्या. मागच्या डबीत मी, पुढच्या डबीत माझी जुळी बहीण. एकमेकींचं तोंड कधी दिसलं नाही, पण तिची फेरी आणि माझी फेरी कधी चुकली नाही.

आम्हाला बसवलं लक्ष्मीकांतरावांनी. ग्वाल्हेरच्या सराफ्यात ते सोनारांचे तराजू दुरुस्त करत. दिवसभर काट्यावर डोळे. रविवारी मात्र लेकीला, तन्वीला, घेऊन फूलबागेच्या मैदानात गाडी पळवायची. तन्वी नोकरीला लागली तरी हा रविवार कधी चुकला नाही. त्यांची एक खोड होती. स्क्रू आवळला, की त्याच्या डोक्यावर बायकोच्या नेलपॉलिशचा लाल ठिपका द्यायचे. ठिपका तडकला, म्हणजे स्क्रू ढिला झाला.

"अहो, माझ्या नखांना ठेवा काहीतरी," सुधाताई म्हणायच्या.

"तुझी नखं कुठे ढिली होतायत?"

मग मैदानात खड्डे पडले आणि आमची छोटी चाकं त्यांत अडकू लागली. लक्ष्मीकांतरावांनी मोठी चाकं मागवली. तन्वीला म्हणाले, "चाक मोठं झालं, की मोटरवर ओझं येतं. ती तापून जळेल. म्हणून आतले दातही बदलायचे. सायकलवर चढ आला की गिअर हलका करतेस ना, तसंच."

"फिर ये पुराने?"

"डबीत ठेवू. खूप केलंय त्यांनी."

एवढं कौतुक मला पुरे होतं.

पार्सल यायच्या आधीच, पौषात, ते गेले. जेवता जेवता छातीत कळ आली, घास ताटात तसाच राहिला. तेराव्यानंतर पार्सल आलं. चार मोठी चाकं आणि गिअरच्या दोन पुड्या, पुढच्या-मागच्या डबीसाठी एकेक.

दोन महिने ते खोकं कुणी उघडलं नाही. सुधाताई घराबाहेर पडत नव्हत्या. शेवटी तन्वीच म्हणाली, "आई, रविवारी बाबांची गाडी पळवते. तू बघायला चल."

"मी काय बघू त्यात? धूळ?"

"धूळच बघ. पण चल."

तन्वीनं मोठी चाकं लावली, मागची डबी उघडली, मला काढलं, पुसलं आणि काचेच्या डबीत ठेवलं. माझ्या जागी त्रेचाळीस दातांची नवी बसली. मला राग आला, खोटं कशाला बोलू. मग तन्वीनं पुढच्या डबीकडे हात नेला. तिथे चार स्क्रू, त्यांवर चार लाल ठिपके. ती डबी लक्ष्मीकांतरावांनी मार्गशीर्षात बंद केली होती. त्यांच्या हातचं ते शेवटचं काम. पेचकस टेकवला आणि तिनं उचलून घेतला.

"हे राहू दे," ती पुटपुटली. "चल जाएगा."

मित्रांनो, मी डबीतून ओरडले. पण लोखंडाचं ऐकतं कोण?

मोटर एकच, आणि पुढचे दात कमी नि मागचे जास्त, तर पुढची चाकं धावायला बघणार आणि मागची त्यांना मागे खेचणार. त्या ओढाताणीत मधल्या मधे मोडायचं ते दातांनी.

रविवारी मला अवजारांच्या खोक्यात घालून मैदानात नेलं. खोकं उघडंच होतं, काचेतून मला सगळं दिसत होतं. सुधाताई पदर डोक्यावर ओढून बाकावर बसल्या. गाडी सुटली. धुळीत घसरत घसरत एक फेरी कशीबशी झाली. मग कडक जमीन आली. कट्, कट्, कट्. मी तो आवाज ओळखला. माझ्या बहिणीचा होता. गाडी पुढून थरथरली आणि उभी राहिली.

तन्वी गाडी मांडीवर घेऊन तिथेच मातीत बसली. ठिपक्यांवर तळवा ठेवला. "बाबांनी बंद केलेलं आहे हे. मी नाही उघडणार."

सुधाताई उठून आल्या. "त्यांनी पुड्या किती मागवल्या होत्या?"

"दोन."

"मग दुसरीचं मी काय करू? फोडणीत घालू?"

"आई, मत बोल ना..."

"बोलणार. ते त्या डबीत बसलेले नाहीत, तन्वी. असते तर मीच उघडली असती, पहिल्या दिवशीच." सुधाताईंनी हात पुढे केला. "आण तो पेचकस."

एकेक ठिपका तडकला. आत लक्ष्मीकांतराव नव्हते. काळं ग्रीस होतं आणि त्यात माझी बहीण होती, नऊ दात गेलेली. इतक्या वर्षांनी मी तिचं तोंड पाहिलं, ते असं.

दुसरी पुडी घरी जाऊन बसवली. गाडी पुन्हा सरळ पळू लागली. स्क्रू आवळल्यावर सुधाताईंनी नेलपॉलिशची बाटली आणली. आतलं आटून घट्ट झालं होतं. त्यांनी काडीनं खरवडलं, कसेबसे तीन ठिपके झाले. चौथा स्क्रू कोरा राहिला. नवी बाटली कुणी आणली नाही.

मित्रांनो, जपायचं असेल तर उघडून बघा, पुसा, मोडायच्या आत बदला. माणूस गेलं म्हणून त्याची वस्तू बंद करून ठेवाल, तर ती आतल्या आत झिजेल आणि तुम्हाला कळायचंही नाही. लक्ष्मीकांतरावांनी सगळं नीट सांगून ठेवलं होतं, दोन पुड्या मागवून.

आता आम्ही दोघी एकाच काचेच्या डबीत आहोत. मला अजून सदतीस दात आहेत. मघाशी मिरवले ना तुमच्यापुढे? त्यांतले नऊ तिला देता आले असते, तर बरं झालं असतं.