लिंगझी कुणापुढे वाकली?

"वाकली! वाकली!"

दाकेंग गावच्या पूर्वजांच्या देवळात एकच कल्ला उठला. पुढचे धडाधड गुडघ्यांवर आले, मागचे पुढच्यांच्या पाठीवर. लेई आजींचा एक जोडा कुणाच्या तरी पायाखाली गेला तो गेलाच, पण त्यांना शुद्ध कुठली? त्या दोन्ही हात वर करून ओरडत होत्या, "वाकली हो, माझ्या डोळ्यांनी बघितली!"

लाखेच्या पेटीत एक कुंडी होती आणि कुंडीत लिंगझी नावाची औषधी अळंबी. हरणाच्या शिंगांसारखी लांब, तांबडी बोटं. पेटी बंद केली तेव्हा ती ताठ उभी होती, हे सगळ्या गावानं पाहिलं होतं. गावातल्या ज्येष्ठांनी झाकणावर कागद चिकटवून आपले शिक्केही मारले होते. आज शिक्के फोडले, तर सगळी बोटं एकाच बाजूला कललेली. त्या बाजूला खिडकीखालच्या आसनावर श्वेन गुरू डोळे मिटून बसलेले.

"माणूस खोटं बोलेल, लिंगझी बोलेल का?" गुरूंनी एक डोळा उघडला. "पेटीला हे एकच भोक कशाला ठेवलंय? हिला श्वास घेता यावा म्हणून! माझी नजर तर लाकडातूनही आरपार जाते. नजरेतली ऊर्जा लागली की हिला राहवत नाही. जी ऊर्जा अळंबीला वाकवते, ती तुमच्या रक्तदाबाला वाकवणार नाही? गुडघ्याला वाकवणार नाही? सुनेला वाकवणार नाही?"

सासवांनी टाळ्यांचा कडकडाट केला.

गुरूंचं ऊर्जाजल बाटलीतून मिळत असे. अट एकच, दवाखान्याच्या गोळ्या बंद. दोन ऊर्जा पोटात भांडतात म्हणे.

लेई आजींनी घरी येऊन रक्तदाबाच्या गोळ्या चुलीत टाकल्या. थोड्याच दिवसांत त्या भाताची परात हातात घेऊन उभ्या उभ्या कोसळल्या. सून वानछिंगनं त्यांना हातगाडीवर घालून दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, "आणखी उशीर झाला असता तर अर्धं अंग लुळं पडलं असतं."

आजी शुद्धीवर आल्या आणि पहिलं वाक्य काय बोलल्या? "रोग बाहेर पडताना चक्कर येतेच. गुरू म्हणाले होते."

"आई, रोग नाही, तुम्हीच बाहेर पडत होता!" वानछिंग म्हणाली. पण आजींनी तोंड भिंतीकडे फिरवलं. गोळीला काही हात लावेनात.

वानछिंग तेव्हा तालुक्याच्या गावी अळंबी लागवडीच्या वर्गाला जात होती. या डोंगरांत पिढ्यान् पिढ्या ओंडक्यांवर श्यांगगू अळंबी पिकत आलेली. आता लाकडी भुशाच्या पिशव्यांवर सगळ्याच जाती घेता येतात, हे हू बाई शिकवत. वानछिंगच्या पहिल्या पिशव्यांवर अळंबीऐवजी हिरवी बुरशी आली होती. नवऱ्यानं विचारलं होतं, "ही कशात परतून खायची?"

तिनं वर्गात हात वर केला. "बाई, लिंगझी माणूस ओळखते का हो?"

"ओळखत असती तर तुझ्या पिशव्या बघून पळाली असती," हू बाई म्हणाल्या. वर्ग खो खो हसला. मग बाईंनी खडू उचलला. "कोंडलेल्या हवेत तिची छत्री उमलत नाही, नुसती शिंगं वाढतात. आणि ती शिंगं वळतात उजेडाच्या दिशेनं."

"समोर गुरू नसला तरी?"

"करून बघ की! माझ्यावरही विश्वास ठेवू नकोस."

वानछिंगनं वर्गातून शिंगं फुटलेली एक पिशवी आणली. बुटांच्या खोक्याला एका बाजूला भोक पाडलं, आत पिशवी ठेवली, शिंपडून दमट केली. खोकं ठेवलं लाकडाच्या खोपटात, भोक गोठ्याच्या उजेडाकडे. गोठ्यात दिवसभर लोळायची त्यांची लठ्ठ डुकरीण.

झाकण उघडलं त्या दिवशी वानछिंग तिथेच मटकन बसली. हसून हसून तिला बोलता येईना. नवरा धावत आला, त्यानं आत बघितलं, मग डुकरिणीकडे बघितलं आणि तिला वाकून नमस्कारच घातला.

पुढच्या दर्शनाला देवळात नेहमीसारखी गर्दी होती. वानछिंग खोकं घेऊन थेट पुढे गेली.

"गुरुजी, आमच्याकडेही वाकली."

"पाहा, पाहा!" गुरू खुलले. "घरात माझी तसबीर असेल."

"तसबीर नाही. समोर डुकरीण होती."

मागून कुणाला तरी फिसकन हसू फुटलं.

"ती डुकरीण," गुरू घाईनं म्हणाले, "पूर्वजन्मीची सिद्ध आहे!"

"मग नव्या वर्षाला तिला कापायची की पुजायची?" ज्येष्ठांतल्या दाढीवाल्या झोंग आजोबांनी विचारलं. देवळात हशाचा भडका उडाला.

वानछिंगनं गुरूंच्या पेटीवर हात ठेवला. "हे भोक मेणानं बुजवूया. पलीकडच्या बाजूला दुसरं पाडूया आणि तिकडे दिवा ठेवूया. गुरुजींनी इथेच बसावं. नजरेचा जोर असेल तर लिंगझी त्यांच्याचकडे वळेल. उजेडाचा असेल तर दिव्याकडे."

"अळंबीचा अपमान!" गुरू गरजले.

"अपमान कसला? परीक्षा आहे," झोंग आजोबा म्हणाले. त्यांनीच मेण आणलं, त्यांनीच शिक्का मारला.

गुरूंना तातडीनं तपश्चर्या आठवली. सकाळच्या बसमध्ये ते बसले तेव्हा ऊर्जाजलाच्या रिकाम्या बाटल्या मागेच राहिल्या. आसन मात्र गावानं हलवलं नाही. त्यावर एक भोपळा ठेवला आणि वाट पाहिली.

पेटी उघडली. शिंगांचे पांढरे कोवळे शेंडे भोपळ्याकडे पाठ करून दिव्याकडे वळलेले होते.

या वेळी कुणी गुडघे टेकले नाहीत. लोक हसत होते, एकमेकांना ढकलत होते, बोट लावून बघत होते. वानछिंगनं सगळं उलगडून सांगितलं. "अळंबी खोटी नाही. तिचा काढा कडू लागतो, आवडीनं प्या. पण डॉक्टरांना विचारून, आणि गोळी सोडून नाही. कुणी चमत्कार दाखवला तर आधी भोक कुठे आहे ते बघा, मग ते बुजवून पुन्हा करायला सांगा. खरं असेल तर ते परीक्षेला भिणार नाही. आणि परीक्षेला भिणाऱ्याच्या हाती आपला जीव देऊ नका."

लेई आजी घरी आल्या. चुलीपाशी बसल्या. मग हात पुढे केला. वानछिंगनं त्यावर गोळी ठेवली. आजींनी ती पाण्याबरोबर गिळली आणि तोंड वाकडं केलं.

"अगं वानछिंग, एक सांग. तिला डोळे नाहीत. मग उजेड कुठे आहे ते तिला कळतं कसं?"

वानछिंगनं डोकं खाजवलं. "ते मलाही ठाऊक नाही, आई. उद्या बाईंना विचारते."

"तू कशाला विचारतेस?" आजी उठून पायात घालायला दुसरा जोड शोधू लागल्या. "मी येते वर्गाला. मीच विचारीन."