पाट्यांची मागची बाजू

पाट्या कापल्या गेल्या हे पेंटरला कळलं ते चौकाच्या उद्घाटनादिवशी, आणि तेही बसायला जागा शोधताना.

सकाळचे दहा वाजले होते. ज्या चौकात गेली सहा-सात वर्षं कुत्रंही सावलीला थांबत नव्हतं, तिथे पाय ठेवायला जागा नव्हती. बंद पडलेल्या बँकेत चित्रांचा वर्ग सुरू झाला होता. कापडाच्या दुकानाच्या काचेआड नाटकाची तालीम चालली होती आणि बाहेर उभी राहून म्हातारी माणसं ती फुकटात बघत होती. कारंज्याच्या कट्ट्यावर तीन पोरं गिटार वाजवत होती, त्यातल्या एकाला तरी वाजवता येत होतं. पेंटर इस्त्रीचा शर्ट घालून आला होता. हे सगळं बघून त्याला बरं वाटलं. खोटं कशाला सांगा, खरंच बरं वाटलं.

"काका, बसा ना," म्हणत एका मुलीने त्याच्यासाठी स्टूल पुढे ओढलं.

बसायच्या आधी त्याने सवयीने हाताने धूळ झटकली आणि हात तिथेच थांबला. स्टुलावर पिवळ्या रंगावर लाल अक्षराचा अर्धा तुकडा होता. वरची रेघ, एक काना, आणि कान्याच्या उजवीकडे बोटभर काळी सावली. ती सावली त्याने स्वतः मारली होती. घड्याळजीच्या दुकानाची पाटी होती ती. रंग त्याचा, अक्षर बायकोचं.

त्याने मान वर करून चौकभर नजर फिरवली. सगळीकडे स्टुलं होती. कुणाच्या बुडाखाली निळा तुकडा, कुणाच्या हिरवा. चष्म्याच्या दुकानाच्या पाटीवरचा चष्मा मधोमध कापला होता. एक डोळा कारंज्यापाशी होता, दुसरा नाटकवाल्यांच्या दारात.

"कशी वाटली कल्पना?" आर्किटेक्टबाई लगबगीने आल्या. चौक पुन्हा जिवंत करायची सगळी योजना त्यांची. "बावीस पाट्या, साठ स्टुलं! सगळी पोरांनी केलीत. लोक आता आपल्या इतिहासावर बसणार."

"आजवर इतिहास आपल्यावर बसला होता, आता फिट्टंफाट," चप्पलवाला म्हणाला. जुना दोस्त. त्याच्या दुकानाची पाटीही त्या बाविसांत होती. हसता हसता त्याने पेंटरच्या चेहऱ्याकडे पाहिलं. "काय रे? तुला ठाऊक नव्हतं?"



इथे एक गोष्ट सांगायला हवी, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. पेंटरला वाचता येत नव्हतं.

चाळीस वर्षं त्याने गावाच्या पाट्या रंगवल्या, पण अक्षर त्याला दिसायचं ते भांड्यासारखं किंवा पानासारखं. आकार कळायचा, नाव नाही. कामाची रीत अशी होती. पाटीला पहिला हात मारून तो सुकवत ठेवायचा. बायको खडू लावलेली दोरी ताणून रेघा मारायची, मग खडूने अक्षरं काढायची. मग तो ब्रश घेऊन त्या खडूवर चढायचा. बायको नुसतं काढायची ते अक्षर असायचं, त्याच्या ब्रशाखालून गेलं की ते उठून उभं राहायचं. लोक त्याला अक्षरांचा बादशहा म्हणायचे. एखादं गिऱ्हाईक विचारायचं, "पेंटर, काय लिहिलंय बघू?" तो मान न वळवता म्हणायचा, "तुम्ही सांगितलं तेच." बायको शिडी धरून खाली उभी असायची. शिडीच्या हलण्यावरून त्याला कळायचं, की ती हसतेय.

ही गोष्ट दोघांनाच माहीत होती. बायको आजारी पडली तेव्हा तिसरीला सांगावी लागली. ती त्याची भाची. शाळेत असल्यापासून ती मामीकडे अक्षरं काढायला शिकायला यायची. तिचा हात मामीवर गेला होता. "माझ्यामागे यांची कागदपत्रं तू वाचून दाखव," मामीने तिला सांगितलं. "आणि कुणाला बोलू नकोस." भाचीने मामीचा हात हातात घेऊन कबूल केलं.

पुढे भाची चौकाच्या त्या योजनेत लागली आणि एक दिवस मामाकडे कागद घेऊन आली. दुकानं बंद पडली, मालक निघून गेले, पण पाट्या अजून भिंतींवर होत्या. मालकांनी पेंटरवर सोडलं होतं, तू म्हणशील तसं. पाट्या उतरवायच्या, स्वच्छ करायच्या, पुन्हा जागच्या जागी लावायच्या, असं भाचीने वाचून दाखवलं. त्याने सही केली. सही तेवढी त्याला यायची, तीही बायकोने शिकवलेली.

पहिली पाटी उतरली ती चष्मेवाल्याची. पाटी उलटी करून भिंतीला टेकवली तर मागच्या कच्च्या लाकडावर पेन्सिलीने काहीतरी लिहिलेलं दिसलं.

"मामीचं अक्षर!" भाची ओरडली.

"रंगाचं प्रमाण असेल. ती लिहून ठेवायची."

भाची खाली बसून वाचायला लागली. "दोन डबे पांढरा, पाव डबी निळा." मग ती थांबली. "पुढेपण आहे, मामा. 'आज हे दिवसभर शिडीवर आणि मी खाली शिडी धरून. पाय भरून आले. यांना सांगितलं नाही, उगाच शिडीवरून उतरले असते.'"

पेंटरने त्या ओळींवरून बोट फिरवलं. "मला म्हणाली होती, मजा आली," तो म्हणाला.

"आलीच असेल. पायही दुखले असतील."

"मला वाचता येत नाही हे ठाऊक असून लिहिलंन?"

"म्हणूनच लिहिलं असेल, मामा."

बायको जाऊन तेव्हा नऊ महिने झाले होते. त्या नऊ महिन्यांत त्याला पहिल्यांदा पोटभर जेवावंसं वाटलं. अजून एकवीस पाट्या होत्या. म्हणजे एकवीस दिवसांचं तिचं बोलणं शिल्लक होतं, तेही तोंडावर न बोललेलं. भाची म्हणाली, "घाई नको. सगळ्या उतरल्या की रविवारी एक, अशा वाचू. पुरवून पुरवून." तो म्हणाला, "चालेल." पाट्या योजनेच्या शेडमध्ये गेल्या. भाचीचे रविवार कामात जायला लागले. त्याने आठवण करून दिली नाही. पोरीमागे किती व्याप आहेत ते त्याला दिसत होतं.

आणि आज हे.

तो स्टुलाशी उभा असतानाच माइकवरून त्याला बोलावलं गेलं. टाळ्या झाल्या. कारंज्याजवळ एक नवी फरशी बसवली होती, तिच्यावरचं कापड त्याने ओढलं. आर्किटेक्टबाईंनी माइक त्याच्या तोंडाशी धरला. "अक्षरांच्या बादशहाच्या तोंडूनच ऐकूया, यावर काय लिहिलंय!"

फरशीवर सुबक अक्षरं होती. कान्यांचे आकार बायकोच्या वळणाचे, म्हणजे भाचीच्या हातचे. त्याला ते दिसत होतं आणि बाकी काही कळत नव्हतं. चौक शांत झाला.

"मामांचा घसा बसलाय," म्हणत भाचीने गर्दीतून येऊन माइक घेतला आणि खणखणीत आवाजात वाचून दाखवलं. पुन्हा टाळ्या पडल्या. तिने त्याला वाचवलं होतं, आणि त्याला तिच्याकडे बघवत नव्हतं.

नंतर तिनेच त्याला नाटकवाल्यांच्या खोलीत नेलं आणि दार लोटलं.

"पाट्या कापल्यास," तो म्हणाला.

"मामा, फळ्या आतून किडल्या होत्या. भिंतीवर राहिल्याच नसत्या. आणि पोरांना हाताने करायला काहीतरी हवं होतं. चार महिने खपली ती. बघा ना बाहेर, चौक कसा—"

"चौक बघितला. मागची बाजू कुठाय?"

"सगळ्या पाट्यांचे फोटो आहेत माझ्याकडे." तिने घाईघाईने फोन पुढे केला. तो बोटाने एकेक सरकवत गेला. चप्पल, घड्याळ, कात्री, सायकल. सगळं समोरून. शेवटपर्यंत गेला, मग पहिल्यापासून पुन्हा गेला.

"मागचे?"

भाचीने फोन परत घेतला.

"मागचे फोटो, पोरी."

"स्टुलाचे पाय बसायला मागची बाजू घासून सपाट करावी लागते," ती हळूच म्हणाली. "मी आधी वाचून, उतरवून घेणार होते. खरंच घेणार होते. तारीख पुढे आली. मी दोन दिवस बाहेरगावी गेले आणि पोरांनी मशीन लावली."

"म्हणजे कापायच्या हे आधीच ठरलं होतं."

"हो."

"कागदात होतं?"

बाहेर गिटार थांबली आणि कुणीतरी मोठ्याने हसलं.

"एक ओळ होती," भाची म्हणाली. "ती सोडली मी. तुम्ही नाही म्हणाला असतात."

"म्हणालोच असतो. त्यासाठीच तर कागद वाचायचा असतो."

ती रडायला लागली. एरवी त्याने डोक्यावर हात ठेवला असता. हात उचललाही होता, पण तो दाराच्या कडीकडे गेला.

जाताना त्याने ते घड्याळजीचं स्टूल उचललं आणि सरळ खांद्यावर टाकलं. "काका, ते प्रदर्शनातलं आहे," एक मुलगा म्हणाला. चप्पलवाल्याने त्याला अडवलं. "नेऊ दे. आधी ते त्याच्या प्रदर्शनातलं होतं."

वर्कशॉपमध्ये त्याने स्टूल टेबलावर उलटं ठेवलं. बाकी तुकडे पोरांनी घासले होते. हा पातळ असावा, कारण याला मागून प्लायचा चौकोन चिकटवून त्यावर पाय बसवले होते. त्याने रंग खरवडायची पत्ती घेतली आणि कडेने हलकेच सारत गेला. चाळीस वर्षांचा हात होता, लाकडाचा कपचाही उडाला नाही. पोरांनी घाईत गोंद फक्त कडेने लावला होता. प्लाय निघाला. खाली कच्चं लाकूड होतं आणि लाकडावर पेन्सिलीच्या दोन ओळी. उजवीकडे पाटी कापली होती तिथे दोन्ही तुटल्या होत्या, पण बाकीची अक्षरं शाबूत होती. पहिल्या ओळीत एक आकडा होता. आकडे त्याला यायचे. तीन. तीन डबे काहीतरी. दुसऱ्या ओळीत आकडा नव्हता.

तिसऱ्या दिवशी भाची आली. दारातच उभी राहिली. टेबलावर उलटं पडलेलं स्टूल तिला तिथूनही दिसलं.

"मामा, राहिलंय त्यावर? द्या, मी वाचते."

पेंटर ब्रश धूत होता. त्या ब्रशांना कित्येक महिन्यांत रंग लागला नव्हता.

"वाचशील गं," तो म्हणाला. "पण सगळं वाचलंस, की एखादी ओळ सोडलीस, ते मला कसं कळायचं?"

"मामा, आता कशाला सोडीन मी?"

"तेव्हाही मला असंच वाटलं होतं."

ती दारातूनच वळली आणि गेली. तिच्या चपलांचा आवाज चौकाच्या दिशेने गेला. तिकडे संध्याकाळच्या कार्यक्रमाची तयारी चालली होती, खुर्च्या ओढल्याचे आवाज इथपर्यंत येत होते.

चप्पलवाला रोज येऊन बसतो. त्याला चांगलं वाचता येतं, पेपर मोठ्याने वाचायची त्याला खोडच आहे. पण त्याला वाचायला सांगायचं तर आधी चाळीस वर्षांचं सांगावं लागेल, आणि ते बायकोला विचारल्याशिवाय कसं सांगायचं, हे पेंटरला अजून कळलेलं नाही. एक दिवस चप्पलवाला स्टुलाकडे वळला तेव्हा पेंटरने त्यावर फडकं टाकलं.

राहिलेल्या एकविसांपैकी वीस पाट्यांवरचं घासून गेलं. एकविसावीवरच्या दोन ओळी आहेत. त्या वाचायच्या राहिल्या आहेत.