नामाचं आवतण

शहापूरच्या स्टँडवर भिमीनं रिक्षावाल्याला विचारलं, "दादा, दारू सोडलेल्यांची बैठक कुठं भरते?"

"मावशे, प्यायच्या जागा विचार. चार दावतो, चालत जाशील."

मागं उभा नितीन हसला. ते हसू थेट बापाचं. भिमीनं पोराचं मनगट आणखी घट्ट धरलं. चोवीस वर्षांचा बाप्या, पण सकाळी हात असे थरथरत की चहा ओठाला लागायच्या आधी निम्मा सांडे. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, औषध देते, पण एकट्यानं व्हायचं नाय. सुटलेल्यांच्यात बसव त्याला.

शहापुरातली बैठक बंद पडलेली. मेडिकलवाल्यानं मुरबाडचा पत्ता दिला: रविवारी चार वाजता, शाळेची मागची खोली. सरळगावला गाडी बदलून मायलेक पोचले तेव्हा बैठक सुरू झाली होती. नितीन नळावर तोंड धुवायला गेला. भिमी खिडकीशी थांबली, आणि आतला आवाज तिनं ओळखला.

भगीरथ. टोकावड्याजवळच्या तिच्याच वाडीतला. एके काळी ओढ्यावर मोहाची भट्टी लावायचा. चार वर्षांमागं भट्टी मोडली, स्वतःची दारूही सोडली. आता वाडी त्याला मानानं सतरंजीवर पुढं बसवायची.

"त्या दिवशी घाईत दारूत नवसागर जास्त पडला," भगीरथ सांगत होता. "नामा प्याला नि तिथंच आडवा झाला, तो उठलाच नाय. मी त्याला ओढ्याच्या वरच्या अंगाला नेऊन ठेवला. त्याच्या पायाला मीच बाभळीचे दोन काटे टोचले. वाडीला सांगितलं, साप चावला. सरणाला लाकडं दिली म्हणून त्याची बायको माझ्या पाया पडली."

नामा म्हणजे भिमीचा नवरा. अकरा वर्षं ती सापाला शिव्या देत आली होती. दिसला तो साप तिनं ठेचला होता, बिनविषारी धामणसुद्धा.

चहाची किटली घेऊन भगीरथ बाहेर आला आणि जागीच थिजला.

"ऐकलंस?"

"सगळं."

"भिमे, इथलं इथंच ठेवायचं, असा नेम हाये. तू वाडीत बोललीस तर उद्या इथं कुनी तोंड उघडणार नाय. तुझा पोरगा बी नाय."

ती उकळती किटली त्याच्या पायांवर ओतावी, असं भिमीच्या मनात आलं होतं. पण एव्हाना नितीन नळावरून आत जाऊन बाकावर टेकला होता, आणि एक म्हातारा त्याला जागा देत म्हणत होता, "माझे हात बघ. तुझ्यापरीस वाईट नाचायचे."

"नाय बोलणार," भिमी म्हणाली. "नेम तो नेम."

भगीरथनं सुटकेचा श्वास सोडला. तो त्यानं सोडायला नको होता.

दोन आठवड्यांनी त्याच्या लेकीचं, दिपालीचं लग्न. वाडीची धवळारीण भिमीच. तिनं धवळे, म्हणजे लग्नगाणी, गायल्याशिवाय नवरीला हळद लागत नसे. भगीरथनं बायकोकडून निरोप धाडला, बरं नसंल तर दुसरी बघतो. भिमीनं उलटा निरोप दिला, "घसा बरा हाये."

उन्हं कलली. मांडवात बायका बसल्या. आधी देवांना आवतण, मग वाडीतल्या मेलेल्यांना. ज्याचं नाव गाण्यात येई, त्याच्यासाठी पळसाच्या द्रोणात मोहाच्या दारूची धार धरायची. आणि गाणं ज्याला सांगेल त्यानं ती धरायची, आधी आपल्या ओठाला लावून. आतापर्यंत सगळ्यांची धार भगीरथचा भाऊ धरत होता. भिमीनं डोळे मिटले.

ओढ्याच्या काठून ये रे नामा,
मांडवाच्या दारी ये रे नामा,
पायीचा काटा तू काढून घे रे,
भगीरथाच्या हातून धार तू घे रे.

बायकांनी ओळ उचलली. काट्याचं कुणाला काय कळणार. कळलं ते एकालाच. तो उठला, द्रोण भरला. बायका पुन्हा पुन्हा नामाला बोलवत होत्या, आणि भगीरथच्या हातातला द्रोण नितीनच्या कपासारखा सांडत होता. भिमीनं डोळे उघडले. अकरा वर्षांत तिच्या जिवाला इतकं गार वाटलं नव्हतं.

द्रोण त्याच्या ओठाजवळ गेला. वास त्याच्या नाकात शिरलेला तिला दिसला. पी, मेल्या, ती मनात म्हणाली. पी आणि बुड.

मग तिला मांडवाच्या खांबाशी नितीन दिसला. चौदा दिवस थेंबही न पिता राहिलेला पोर भगीरथकडे बघत होता. द्रोणाकडे नाही, त्याच्या ओठांकडे. तो काय करतो, ते बघून आपण काय करायचं ते ठरवणाऱ्याची नजर.

भिमी गाता गाता उठली. तिनं द्रोण हिसकावला आणि त्याच्या पायांशी मातीत उपडा केला.

"माझ्या माणसाला ही नको," ती सगळ्यांदेखत म्हणाली. "त्याला पाणी दे."

भगीरथ हंड्यातलं पाणी घ्यायला वाकला, तेव्हा ती त्याच्या कानाशी गेली.

"माफ नाय केलं तुला. प्यालास तर विसरशील. तसा सुटू द्यायची नाय मी. शुद्धीत राहायचं आन् आठवायचं. रविवारी पोराला घिऊन येते. तुझ्या समोरच्या बाकावर बसनार."

मग जागेवर येऊन तिनं पुढच्या मेलेल्याचं नाव घेतलं. आवाज कुठंही फाटला नाही. दिपालीला हळद लागली.