सरूच्या वतीनं

विज्ञानानं माणसामाणसांतलं अंतर कायमचं मिटवलं आहे, असं जांभूळकोंडच्या उपकेंद्राचं उद्घाटन करताना पाहुणे म्हणाले. ते खरंच होतं. मुंबईचा डॉक्टर आता गावातल्या पडद्यावर दिसणार होता. मुंबई ते जांभूळकोंड एवढं अंतर त्या दिवशी मिटलं. माजघर ते ओटी एवढं राहिलं. पण ते मिटवण्याची योजना कोणत्याच खात्याकडे नव्हती.

निडी स्टेशनापासून आत गेलं की जांभूळकोंड लागतं. गावात भात होतो, भातामागून वाल होतात. उपकेंद्रासाठी सरकारनं जागा मागितली, तेव्हा गावानं मोठ्या मनानं स्मशानाला लागून असलेला तुकडा दिला. तिकडे एरवी कुणी गुरंही बांधत नसे. उपकेंद्राची आणि स्मशानाची एक भिंत सामाईक आहे. भिंतीच्या अलीकडे माणसं वाचवायची आणि पलीकडे उरलेलं काम करायचं, अशी वाटणी झाली.

आता गावाची जुनी रीत अशी, की सातवा लागला की पोटुशीनं मसणाच्या रस्त्यानं जायचं नाही. आणि पोटुशीचा फोटोही काढायचा नाही, नजर लागते. पडद्यावरचा डॉक्टर कॅमेऱ्यातून बघतो, म्हणजे तो फोटोच झाला. त्यामुळे ज्या बायकांसाठी हे केंद्र मुख्यतः बांधलं होतं, तेवढ्या सोडून बाकी सगळा गाव तिथे जाऊ शकत होता.

गावानं यावर तोडगा काढला. पोटुशीच्या वतीनं सासूनं जायचं. दुखणं एकीचं आणि खुर्चीत दुसरी, यात कुणालाच काही वावगं वाटलं नाही. घरात दुखणं सांगायचा हक्क नाहीतरी सासूचाच होता.

सरूला आठवा लागला होता. एका मंगळवारी सकाळी ती चुलीपाशी बसली आणि उठली नाही.

"आई, डोका लय दुखतंय. इथं, कपाळाला."

"उन्हाचा असंल," गिरजाबाई म्हणाल्या. त्या वाईट सासू नव्हत्या. सुनेला पहिलं वाढायच्या. तिच्यासाठी पेणहून पोह्याचे पापड मागवायच्या. सुनेवर त्यांनी कधी हात उगारला नव्हता, आवाजही चढवला नव्हता.

"ऊन नाय. डोळ्यापुढं काजवं चमकतात. आणि हे बघा." सरूनं लुगडं घोट्यावर घेतलं. पायांवर बोट दाबलं की खड्डा राहत होता. "बरगडीखाली पन दुखतंय. काल उलटी झाली. आज मंगळवार हाय ना? डॉक्टर दिसनार. मीच जाऊ का?"

ओटीवरून दाजी, म्हणजे सासरे, खाकरले. त्यांचं बोलणं बहुधा एवढंच असे. त्यात सगळं येई.

"येडी काय गो?" गिरजाबाई म्हणाल्या. "मसणाशेजारनं? मी जाते. तू सांग, मी तसाच्या तसा सांगते."

मग सरूनं त्यांच्याकडून पाठ करून घेतलं. कपाळ. काजवं. पाय. बरगडी. उलटी. पाच बोटांवर पाच गोष्टी. गिरजाबाई निघाल्या, तरी तिनं दारातून पुन्हा सांगितलं, "आई, काजवं इसरू नका हां."

उपकेंद्रात नर्स वैशाली मॅडम होत्या. मूळच्या पेणच्या. त्यांच्या वडिलांचा गणपतीचा कारखाना. तिथे डोळ्यांची आखणी झाल्याशिवाय मूर्ती दाराबाहेर पडत नसे. इथे नोकरी लागल्यावर पहिल्या महिन्यातच त्यांना कळलं, की माणसाला न बघताही औषध दाराबाहेर पडतं. गेल्या आठवड्यात त्या सरूच्या घरी बीपी बघायला गेल्या होत्या. ती निजली आहे, असं सांगून त्यांना चहा देण्यात आला होता. चहा चांगला होता.

"सरू नाही आली?" त्यांनी विचारलं.

"आठवा हाय. मी आलीय ना."

पडद्याचा एक नियम होता. बीपीचा रकाना भरल्याशिवाय डॉक्टर जोडला जायचा नाही. बाहेर बाकावर माणसं खोळंबली होती. वैशालीनं आजचा दिवस निभावू म्हटलं आणि पट्टा गिरजाबाईंच्या दंडाला बांधला. उद्या घरी जाऊन सरूचं बघू. आकडा आला, एकशेवीस-ऐंशी.

पडदा उजळला. डॉक्टर तरुण होता, खाली काहीतरी वाचत होता. कोपऱ्यातल्या लहानशा चौकटीत गिरजाबाईंना स्वतःचं तोंड दिसलं. त्यांनी पदर नीट केला.

"सरू धनेश. वय तेवीस. बरोबर?" डॉक्टरनं वर पाहिलं. पन्नाशी उलटलेल्या, एक दात पडलेल्या त्या चेहऱ्याकडे त्यानं क्षणभर निरखून बघितलं. "चेहरा ओढलेला दिसतोय. लोहाच्या गोळ्या घेता ना, ताई?"

"व्हय," गिरजाबाई म्हणाल्या.

"त्रास काय होतोय?"

"डोका दुखतंय."

"आणि?"

गिरजाबाईंनी भिंतीकडे बघितलं. सामाईक भिंतीपलीकडे मसण. तिथे बसून काजव्यांचं नाव घेणं त्यांना बरं वाटेना. पायांना सूज आहे म्हटलं, तर ही सुनेला राबवते असं बाहेरच्या बाकावर ऐकू जाणार. उलटीचं सांगितलं तर घरातलं खाणं वाईट. घराचं नाव सांभाळून सांगण्यासारखं जे होतं ते त्यांचं सांगून झालं होतं.

"बस. बाकी सगळा बरा हाय."

"पायांवर सूज?"

"नाय. पाय बरं हायत."

"बीपी उत्तम आहे. आराम करा, पाणी भरपूर प्या." पडदा मिटला. पुढचा आला.

घरी सरू दारातच उभी होती.

"काय म्हनाले? काजवं सांगितलात?"

"सगळा सांगितला. डॉक्टर म्हनाला, तब्येत उत्तम हाय."

सरूला बरं वाटलं. डॉक्टरनं उत्तम म्हटल्यावर दुखणं थोडं कमी झाल्यासारखंही वाटतं. वैशाली दुसऱ्या दिवशी जाणार होती, पण त्या दिवशी तिला रोह्याला मीटिंगला बोलावलं. दूरच्या रुग्णांपर्यंत कसं पोचावं, हा मीटिंगचा विषय होता.

गुरुवारी दुपारी सरू अंगणात वाल सोलत बसली होती. सूप कलंडलं. दाणे अंगणभर झाले. गिरजाबाई आतून आल्या, तर सरूचे डोळे वर गेले होते आणि अंग ताठ होऊन हिसके देत होतं.

"मसणातला लागलाय," शेजारून कुणीतरी म्हणालं. लिंबू आलं, अंगारा आला. दाजी या वेळी खाकरले नाहीत. सरूचा नवरा धनेश रोह्याच्या कंपनीत शिफ्टवर होता. तिथे फोन गेटवर जमा करावा लागतो. फोन वाजत होता, गेटवर. अँब्युलन्स आली तोवर अंगारा दोनदा लावून झाला होता. सरू रोह्यापर्यंत पोचली नाही. पोटातलं पोरही नाही.

ज्या रस्त्यानं तिला न्यायचं नाही म्हणून सगळ्या घरानं एवढी काळजी घेतली, त्याच रस्त्यानं संध्याकाळी तिला नेलं.

चौकशीला साहेब आले. त्यांनी यंत्र तपासलं. यंत्र चालू होतं. रोह्याच्या डॉक्टरीणबाईंनी वैशालीला सांगितलं, की हा गरोदरपणातला वाढलेला रक्तदाब. दंडाला पट्टा बांधला असता तर दिसला असता. वैशालीनं पट्टा बांधला होता. ते ती त्या वेळी बोलली नाही.

तेराव्याला धनेशनं आईला एकच विचारलं. "आये, तू डॉक्टरला काय सांगितलास?"

गिरजाबाई वाल निवडत राहिल्या. अंगणात सांडलेले ते दाणे त्यांनी एकेक करून गोळा केले होते. ते त्या शिजवतही नव्हत्या, टाकतही नव्हत्या.

पुढच्या मंगळवारी त्या उपकेंद्रात येऊन खुर्चीत बसल्या.

"काय होतंय, मावशी?" वैशालीनं विचारलं.

"जोड. डॉक्टरला सांगते."

डॉक्टर दुसरा होता. पडद्यावर दर वेळी दुसराच असतो. गिरजाबाई कोपऱ्यातल्या चौकटीकडे बघत बोलल्या. आवाज त्यांचाच होता, पण बोलणं त्यांचं नव्हतं. "कपाळाला दुखतंय. डोळ्यापुढं काजवं चमकतात. पाय सुजलेत, दाबला की खड्डा पडतो. बरगडीखाली दुखतंय. काल उलटी झाली." पाच बोटांवर पाच गोष्टी. एकही सुटली नाही.

डॉक्टर चपापला. "आजी, पाय दाखवा बरं." पाय वाळक्या काटक्यांसारखे होते. "बीपी तर उत्तम आहे. मनावर काही ताण?"

"काजवं इसरू नका हां," गिरजाबाई म्हणाल्या आणि उठल्या.

त्या दर मंगळवारी येऊ लागल्या. तेच सांगायच्या. त्याच क्रमानं. बाहेरच्या बाकावर काहींना वाटे, म्हातारीला सरू लागली आहे. काही बायका भिंतीच्या बाजूला बसेनाशा झाल्या. वैशालीला पट्टा बांधताना वाटे, दंड गार लागेल. पण दंड गरम असायचा, आणि आकडा उत्तम.

मग एका मंगळवारी साबिरा आली. तिची सून उमामा, तिलाही आठवा. मुलगा नावेद कुवेतला. या रितीच्या बाबतीत गावात जातधर्माचा भेद नव्हता.

"उमामाचे पाय सुजलेत, मॅडम," साबिरा म्हणाली. "गिरजाचा झाला की मना बसवा."

वैशालीनं पट्टा हातात घेतला. मग तो गुंडाळून परत ठेवला. "उमामाला आणा, चाची. तिच्याशिवाय मी डॉक्टर जोडणार नाही."

"आठव्यात? मसणाशेजारनं? नि फोटोत? नावेद मना काय म्हनेल?"

"ते मला माहीत नाही. सरूच्या वेळी मी हा पट्टा मावशींच्या दंडाला बांधला. तिचं बीपी म्हणून मावशींचं दिलं. आता नाही बांधणार."

साबिरा चिडली. "गिरजाच्या वक्ताला चालला, नि माज्या वक्ताला कायदा?"

खुर्चीतून गिरजाबाई बोलल्या. किती तरी दिवसांनी त्या स्वतःचं बोलल्या.

"व्हय गो. माज्या वक्ताला चालला." त्यांनी मान वळवली नाही. "नि रस्त्याचा म्हनशील, तर सरूला मी त्याच रस्त्यानं आनली. चौघांच्या खांद्यावर. तुजी अजून पायानं येते. आन तिला."

"उठ तरी गो, मना बसू दे."

"नाय उठनार. उमामा आली तर उठेन."

साबिरा बडबडत गेली. सगळ्यांना वाटलं, आता ती येत नाही. भिंतीपलीकडे कुत्रं भुंकलं. मग रस्त्यावरून दोघी येताना दिसल्या. उमामा हळू चालत होती आणि साबिरा तिच्या अंगाला लागून, मसणाच्या बाजूला स्वतः राहून, तोंडानं काहीतरी पुटपुटत.

गिरजाबाई उठल्या. उमामा बसली. पट्टा बांधला, आकडा आला, आणि वैशालीनं डॉक्टर जोडण्याआधी अँब्युलन्सला फोन लावला. रोह्याहून पुढे नेलं. आठवड्यानं मुलगी झाली. बारीक, पण रडकी. दोघी बऱ्या आहेत.

तेव्हापासून जांभूळकोंडात ज्याचं दुखणं त्यानंच खुर्चीत बसायचं, असं ठरलं. हे वैशालीनं ठरवलं. ग्रामपंचायतीनं मात्र त्याचा फ्लेक्स लावला, त्यावर सरपंचांपासून शिपायापर्यंत सगळ्यांचे हात जोडलेले फोटो आहेत. उमामाचा नाही. बाळंतिणीचा फोटो काढत नाहीत.

गिरजाबाईंचं आता तरी थांबेल, असं वैशालीला वाटलं होतं. पुढच्या मंगळवारी त्या आल्या आणि खुर्चीत बसल्या. ज्याचं दुखणं त्यानंच बसायचं, हा नियम वैशालीचाच होता. तिनं डॉक्टर जोडला. कोपऱ्यातली चौकट उजळली. गिरजाबाईंनी त्या चौकटीकडे बघत सगळं सांगितलं. कपाळ, काजवं, पाय, बरगडी, उलटी.

डॉक्टरनं बीपी विचारलं.

एकशेवीस-ऐंशी होतं.