घासून लख्ख केलेला झरा

झरा वाचला तर बार्लाच्या पदरात पडणार होतं ते एवढंच: दारातलं दगडी टाकं भरलेलं, त्यात शेळीच्या दुधाची बरणी गार, आणि मरेपर्यंत नळाच्या पाण्याची कॉफी प्यायची वेळ नाही. सत्तरीच्या बाईला एवढं राज्य पुरत होतं. पण वीज कंपनीला डोंगरावरचं सगळं पाणी पाइपात कोंबायचं होतं, आणि त्याआधी झरा तपासायला शहरातून एक बाई येणार होती.

त्या खोऱ्यात पाहुणा येणार म्हटलं की घर घासायचं. बार्लानं झराही घासला. दोन दिवस बर्फगार पाण्यात उभं राहून तिनं एकेक दगड ब्रशनं खरवडला. खालचे नखाएवढे, करडे, चपटे किडे बादलीत भरून ओढ्यात सोडून दिले.

"वहिनी, आता दगडांना इस्त्री तेवढी करा," धाकटा दीर जाकेन कुंपणापलीकडून म्हणाला.

"भावजी, तुमचं अंगण घासायला घेतलं की बोला."

शहरातली बाई, ओर्सिना, आली आणि बुटांसकट पाण्यात उतरली. बारा दगड उलटून झाल्यावर म्हणाली, "आजी, किडे कुठे गेले?"

"किडे? माझ्या पाण्यात?" बार्लाची मान ताठ झाली. "एक दाखवा!"

"तोच शोधतेय. चपटा, डोक्यावर दोन शिंगं. पाणी बारमाही गार आणि निर्मळ असेल तिथेच टिकतो. तो दिसला की कायद्यानं झऱ्याला कुणी हात लावू शकत नाही. नाही तर मला 'रिकामा' लिहावं लागेल."

बार्ला टाक्याच्या कडेवर मटकन बसली. जाकेन हसला नाही, म्हणून ती जास्तच घाबरली. तो आपल्या घरात गेला आणि दुपारच्या जेवणाला आणलेली बोकडाची कलेजी दोऱ्याला बांधून घेऊन आला.

"इथं मासे साफ करायला बसलो की हे लेकाचे आतड्यांवर तुटून पडायचे. आत कपारीत असणारच."

पाणी जिथून फुटत होतं त्या फटीत त्यानं कलेजी सोडली. अर्धा तास गेला. बार्ला पुटपुटत होती, "या रे बाबांनो, चुकलं माझं."

मग अंधारातून एक करडी रेघ सरकत आली. पुढे दोन इवली शिंगं, जणू शंख हरवलेली गोगलगाय. मागोमाग आणखी. ओर्सिनानं एकोणीस मोजले.

"चाल बघा कशी ऐटदार!" बार्ला म्हणाली, जणू तिनंच त्यांना अंगाखांद्यावर खेळवलं होतं.

बार्लाला झरा मिळाला, ओर्सिनाला नोंद, किड्यांना मेजवानी. खर्च पडला तो जाकेनच्या ताटात. त्या दुपारी त्यानं नुसते उकडलेले बटाटे खाल्ले. मीठ तेवढं वहिनीकडचं.