फ्रिजवरच्या हिरव्या खुणा

फिजिओ हेलेनाने ब्रॉनीचं पाऊल तळहातावर घेतलं, वर ढकललं आणि ती थांबली. पुन्हा ढकललं. टेबलावर आडव्या पडलेल्या सात वर्षांच्या ब्रॉनीने छताकडे बघत एक सणसणीत शिवी हासडली. हेलेनाने घोट्याला कोनमापक लावून आकडा लिहून घेतला आणि मागच्या भेटीचा कागद काढून शेजारी ठेवला.

"रसेल, घरी पोटरीला ताण किती वेळा देता?"

"दिवसातून चार वेळा," ब्रॉनीचा बाप रसेल म्हणाला. "मी कामावर असलो की माझी आई देते. फ्रिजवर तक्ता लावलाय, त्याचा फोटो तुम्हाला पाठवलाय."

"तक्ता बघितला मी. पण हे पाऊल त्या तक्त्यातलं नाही."

ब्रॉनीची उजवी नडगी जन्मापासून पाच सेंटिमीटर आखूड. दीड महिन्यापूर्वी डॉक्टरांनी ते हाड कापून पायाभोवती लोखंडी कड्यांची फ्रेम बसवली होती. कड्यांतून निघालेल्या तारा थेट हाडातून आरपार गेलेल्या. रोज चार वेळा पान्याने नट फिरवायचे, की दिवसाला एक मिलिमीटर फट वाढते आणि त्या फटीत नवीन हाड धरतं. पण पोटरीचे स्नायू आपण होऊन लांबत नाहीत. ते ओढून ओढून लांब करावे लागतात, नाहीतर तेच टाचेला वर खेचतात आणि पाऊल बॅले नाचणारीसारखं खाली वळून तसंच आखडतं. ब्रॉनीचं तसंच झालं होतं.

डॉक्टरीणबाई आल्या, त्यांनी पाऊल बघितलं आणि आडवळण न घेता सांगितलं, "आजपासून नट फिरवणं बंद. दोन आठवडे देते. तेवढ्यात पाऊल वर आलं नाही तर तेही फ्रेममध्ये अडकवावं लागेल. म्हणजे पुन्हा भूल आणि पुन्हा ऑपरेशन."

ॲडलेडहून घरी, व्हायअल्लाला, गाडीने चार तास लागतात. रसेल पोलाद कारखान्यात फिटर. नट आणि पाना यांच्यातच त्याची वीस वर्षं गेलेली, पण लेकीच्या पायाचे नट पहिल्यांदा फिरवताना पाना त्याच्या हातून दोनदा खाली पडला होता. बायको रेनी उत्तरेला खाणीवरच्या कँटीनमध्ये स्वयंपाक करते, दोन आठवडे तिकडे आणि एक आठवडा घरी. त्यामुळे कामावर नसताना ताण देणं त्याच्याच वाट्याला आलेलं. ब्रॉनी किंचाळायची, चावायची, "तू मेलास तरी चालेल मला" म्हणायची. पहिल्या आठवड्यात एकदा तो उठून बाहेर गाडीत जाऊन बसला होता. दहा मिनिटांनी परत आत आला आणि उरलेला ताण पुरा केला.

पोर्ट ऑगस्टा मागे पडल्यावर मागच्या सीटवरून ब्रॉनीने विचारलं, "आजी चिडेल का?"

"कुणावर?"

"माझ्यावर. मी सांगितलं म्हणून."

"तू कुठे काय सांगितलंस?"

"आम्ही बिस्किटं खायचो," ती म्हणाली.

"ताण देऊन झाल्यावर?"

"ताणाच्या ऐवजी."

रसेलने गाडी रस्त्याच्या कडेला घेतली, खाली उतरून तारेच्या कुंपणापर्यंत चालत गेला आणि परत येऊन गाडी चालू केली. ब्रॉनीला तो एवढंच म्हणाला, "तुझ्यावर कुणी चिडणार नाही."

घरी त्याची आई व्हॅल ओट्याशी उभी राहून बटाटे कुस्करत होती. शाळेच्या कँटीनमध्ये तीस वर्षं काढलेली बाई, अडुसष्टाव्या वर्षीही कुणाला स्वयंपाकघरात पाऊल टाकू द्यायची नाही. रसेलने ब्रॉनीला चाकांच्या खुर्चीसकट तिच्या खोलीत नेलं, टीव्ही लावून दिला, दार ओढून घेतलं. मग फ्रिजवरचा तक्ता काढून आईसमोर टेबलावर ठेवला. आईच्या वाट्याच्या प्रत्येक चौकटीत हिरव्या पेनाने काढलेली ठसठशीत खूण होती.

"यातल्या खऱ्या किती?"

व्हॅलने तक्त्याकडे बघितलं नाही. "जेवण होऊ दे, मग बोलू."

"आई, खऱ्या किती?"

"सुरुवातीच्या आठवड्यातल्या आहेत खऱ्या."

"आणि नंतरच्या?"

"ती ओरडायची रे. शेजारची मार्लीन कुंपणापाशी येऊन विचारायला लागली, पोरीला काय करताय म्हणून. मी आजी आहे तिची, कसाई नाही."

"मग मी कोण?"

"मी तसं म्हटलं नाही."

"तेच म्हटलंस तू. रोज संध्याकाळी मी कामावरून येऊन तिचं पाऊल ढकलतो, आणि ती मला सांगते, आजी बघ, आजी दुखवत नाही. मला वाटायचं तुझ्या हातात काही जादू आहे. मी तुला विचारलंसुद्धा होतं, आई, तू कसं करतेस, मला दाखव. तू काय म्हणालीस आठवतंय? मायेने करायचं, म्हणालीस."

व्हॅलचा चेहरा लाल झाला. "मुळात धडधाकट हाड तोडायला तुम्हाला कुणी सांगितलं होतं? बुटाला जाड तळ लावून ती मजेत फिरत होती. मला विचारलंत का तुम्ही?"

"नाही विचारलं. तुला पटत नव्हतं तर तोंडावर सांगायचं होतंस. यायचं बंद करायचं होतंस. मी बिनपगारी रजा घेतली असती, रेनीने नोकरी सोडली असती, काहीतरी केलं असतं आम्ही. तू खुणा करत बसलीस. त्या खुणा बघून मी निर्धास्त कामावर जात होतो. आता तिला पुन्हा कापायची वेळ आलीय, ते तिला तू सांगणार आहेस?"

व्हॅलने हातातलं बटाट्याचं भांडं खाली ठेवलं. तेवढ्यात दार उघडलं. ब्रॉनी खुर्चीची चाकं ढकलत स्वतःच बाहेर आली होती, आणि तिने सगळं ऐकलं होतं.

"तू म्हणालीस काही होत नाही," ती आजीला म्हणाली. "मी विचारलं होतं तुला, नाही केलं तर चालेल का. तू म्हणालीस, चालतंय गं, एका दिवसाने काय होतंय."

"राणी, मला तुझं रडणं बघवत नव्हतं..."

"मग डोळे मिटायचे होतेस."

व्हॅलने एप्रन काढून खुर्चीच्या पाठीवर टाकला, पर्स उचलली आणि निघून गेली. रसेलने तिला थांबवलं नाही. त्या रात्री बटाटे कुणीच खाल्ले नाहीत. दोघांनी टोस्टवर भागवलं.

त्याने दोन आठवड्यांची रजा टाकली. आता ताण दिवसातून सहा वेळा द्यायचा होता, आणि एकट्याला ते जमत नव्हतं. पाऊल वर ढकललं की ब्रॉनी गुडघा वाकवायची आणि सगळा ताण वाया जायचा. गुडघा दाबून धरावा तर पाऊल सुटायचं. तिसऱ्या दिवशी दोघंही घामाघूम होऊन एकमेकांवर ओरडले. ती म्हणाली, तुला काही येत नाही. तो म्हणाला, तू मुद्दाम करतेस. मग त्याचीच त्याला लाज वाटली, पण माफी मागण्याइतकं त्राण त्याच्यात उरलं नव्हतं. फोनवर रेनी आधी रडली, मग व्हॅलला तिने जे नाही ते बोलून घेतलं आणि म्हणाली, "तिला पुन्हा दारात उभी करू नकोस."

चौथ्या दिवशी सकाळी व्हॅल दारात उभी होती. हातात डबा नाही, बिस्किटं नाहीत.

"काय काम आहे?" रसेलने विचारलं.

"हेलेनाला फोन केला होता मी. ती म्हणाली दोन माणसं लागतात."

"लागतात."

"मग आत येऊ दे."

रसेलने बराच वेळ दार अडवून धरलं. तिला आत घेण्याची त्याची अजिबात इच्छा नव्हती. पण सहा वाजल्यापासून दोन ताण फुकट गेले होते. "माया करायला यायचं असेल तर परत जा," तो म्हणाला. "गुडघा धरायचा. मी सोड म्हणेपर्यंत सोडायचा नाही. ती काहीही म्हणाली तरी."

व्हॅलने हात धुतले आणि पलंगाशी गुडघे टेकून बसली. फ्रेमच्या सर्वांत वरच्या कड्याच्या वर, तारांना धक्का लागणार नाही अशा बेताने तिने दोन्ही तळवे गुडघ्यावर दाबले. रसेलने पाऊल ढकललं. ब्रॉनी किंचाळली. आजीला तिने म्हातारी डुक्कर म्हटलं, खोटारडी म्हटलं, तिच्या केसांना हात घातला. व्हॅलने मान दुसरीकडे वळवली.

"इकडे बघ," ब्रॉनी रडता रडता ओरडली. "माझ्याकडे बघूनच धर."

व्हॅलने मान फिरवली आणि नातीच्या तोंडाकडे बघत राहिली. तिच्या गालांवरून पाणी ओघळत होतं, पुसायला हात मोकळे नव्हते. रसेल मोठ्याने तीसपर्यंत आकडे मोजत होता. त्याला आईची दया आली नाही. तिच्या हातांना किती जोर आहे, गुडघा जागचा हलतोय की नाही, एवढंच तो बघत होता. गुडघा हलला नाही.

असे अकरा दिवस गेले. व्हॅल सकाळी सहाला यायची, शेवटचा ताण झाला की जायची. रेनी घरी आली तेव्हा एका खोलीत दोघी बसायच्या नाहीत, पण रेनीने तिला घालवूनही दिलं नाही. चहा ज्याचा त्याने करून घ्यायचा. फ्रिजवर नवीन तक्ता लागला होता आणि त्यावर खुणा ब्रॉनी स्वतः करायची. एकदा व्हॅलचा हात सुटला तेव्हा ब्रॉनीने ती चौकट रिकामीच सोडली. आजीने विनवलं, तरी भरली नाही.

दोन आठवड्यांनी चौघंही ॲडलेडला गेली. हेलेनाने कोनमापक लावला, वाचला, पुन्हा लावला. पाऊल जवळजवळ सरळ आलं होतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या की ऑपरेशनची गरज नाही, नट परत फिरवायला लागा, पण अर्ध्या वेगाने. आणि पाच सेंटिमीटरचं आता विसरा, चारवर थांबू. या स्नायूंना त्यापुढे ओढणं धोक्याचं आहे.

"म्हणजे बुटाला तळ लागणारच?" ब्रॉनीने विचारलं.

"पातळसा. एक सेंटिमीटर."

बाहेर कॉरिडॉरमध्ये रेनी ब्रॉनीला घेऊन पुढे गेली. व्हॅल भिंतीला धरून उभी राहिली.

"तो एक सेंटिमीटर माझ्यामुळे गेला," ती म्हणाली.

रसेलने तिच्याकडे बघितलं. जाऊ दे, असं त्याने म्हणावं म्हणून ती थांबली होती, हे त्याला कळत होतं.

"हो," तो म्हणाला. "सोमवारपासून मी कामावर आहे. नऊला ये."

"येते," व्हॅल म्हणाली, आणि त्याच्या मागोमाग गाडीकडे चालू लागली.