अंगणातली भिंत

रोम हे शाश्वत नगर आहे, असं सगळं जग मानतं. तिथल्या तेस्ताच्चो मोहल्ल्यातल्या त्या पिवळ्या इमारतीत मात्र शाश्वत म्हणावा असा फक्त जिना होता. पाचव्या मजल्यावरचा सेत्तीमिओ तो रोज पाण्याच्या बाटल्या घेऊन चढे आणि प्रत्येक मजल्यावर वेगळ्या संताला शिव्या घाली. त्याची बायको एर्सिलिया ईस्टरपासून खाली उतरली नव्हती. गुडघे गेले होते. भाजीवाल्याशी ती खिडकीतूनच भांडे, पण वरून ओरडून भांडण्यात तिला पूर्वीची मजा येत नव्हती.

कित्येक वर्षं बैठका घालून इमारतीनं शेवटी लिफ्ट मंजूर केली. तळमजल्यावरचा दंतवैद्य अखेरपर्यंत विरोधात होता. त्याला लिफ्टचं काय करायचंय, हे विचारायचासुद्धा लोकांना कंटाळा आला, तेव्हा तो गप्प बसला. जुलैत अंगणात खड्डा खणायला घेतला आणि लगेच कुदळ जमिनीखालच्या प्राचीन भिंतीला लागली.

ठेकेदार नाझ्झारेनोनं खड्ड्यावर ताडपत्री ओढली.

"सिन्योर सेत्तीमिओ, काय दिसलं तुम्हाला?"

"भिंत."

"परत विचारतो."

"काही नाही."

"शाब्बास! ऑगस्टात पुरातत्त्व खात्यात पंख्याशिवाय काही हलत नाही. सगळे समुद्रावर. तेवढा दम काढा, मी काँक्रीट ओतून मोकळा होतो. फक्त तोंड बंद."

सगळ्या इमारतीनं तोंड बंद ठेवलं. दंतवैद्यानंसुद्धा. ह्या बाबतीत रोमच्या माणसाला शिकवावं लागत नाही.

अडचण बारमध्ये आली. समोरच्या इमारतीतला अमेदेओ पत्ते पिसता पिसता रोजचं पुराण लावून बसला होता : त्यांच्या तळघरात पहिल्या शतकातली भिंत आहे, प्राध्यापक येऊन बघून जातात, वगैरे. सेत्तीमिओनं हे तीस वर्षं ऐकलं होतं. आणखी एक पंधरवडा ऐकायचं होतं, एवढंच.

"तुमच्याकडे काय रे खाली?" अमेदेओ म्हणाला. "बटाटे?"

"पान टाक."

"नाही, सगळ्यांनाच इतिहास असतो असं नाही. काहींना नुसताच जिना असतो."

"माझ्या छातीएवढी उभी आहे!" सेत्तीमिओ म्हणाला. "तिरपे दगड जाळीसारखे रचलेली रोमन बांधणी! तुझ्या तळघरातल्या तुकड्याला लाज वाटेल अशी!"

बारवाल्याची सून पुरातत्त्व खात्यात होती. आठवडा संपायच्या आत खात्याच्या क्विन्तावाल्ले बाई ताडपत्रीशी उभ्या राहिल्या. बुटांना आधीच कुठल्यातरी दुसऱ्या खड्ड्याची माती होती.

"कानावर आलं नसतं तर बरं झालं असतं हो," त्या दमलेल्या आवाजात म्हणाल्या. "मी शनिवारी सुट्टीवर निघाले होते."

काम थांबलं. नाझ्झारेनो सामान गोळा करून सेत्तीमिओकडे न बघता निघून गेला. सेत्तीमिओ जिना चढून वर आला. ह्या वेळी त्यानं एकाही संताचं नाव घेतलं नाही.

"कोण बोललं?" एर्सिलियानं विचारलं.

तो बाटल्या लावत राहिला.

"तू बोललास."

"अमेदेओनं डिवचलं."

"माझी तब्येत कशी आहे म्हणून लोक विचारतात तर हूं की चूं करत नाहीस. आणि हे बोललास." तिनं एक बाटली उघडून ग्लास भरला. मग म्हणाली, "कुठल्या शतकातली?"

"दुसऱ्या, म्हणतात बाई."

"आणि त्याची?"

"पहिल्या. म्हणजे तो म्हणतो."

"खोटारडा मेला," एर्सिलिया म्हणाली आणि खुर्ची खिडकीजवळ ओढून घेतली.

पुढचा हिवाळाभर खात्यानं अंगण खणलं, मोजलं, फोटो काढले आणि भिंत सुरक्षित राहावी म्हणून वाळू भरून पुन्हा बुजवली. वर काही बांधायला, म्हणजे लिफ्टलाही, कायमची मनाई झाली. भिंत ज्याची होती ते धान्याचं गोदाम निघालं. त्या भागात अशी बरीच आहेत. हे बैठं होतं, त्याला जिना नव्हता.